दोन वेळचं प्रिमिक्स, चार वेळचं पेन की पंप?

नागपूरच्या मानेवाड्याहून एका आईने विचारलं आहे. मुलगा १२ वर्षांचा, वजन ४० किलो, तीन वर्षांपासून टाइप १ डायबिटीज. सकाळी सातला ३०/७० चं प्रिमिक्स इन्सुलिन २२ युनिट, रात्री साडेआठला १४ युनिट. उपाशीपोटी शुगर २३० ते २६०. शाळेत मात्र साडेअकराच्या सुमारास हातपाय थरथरतात, घाम सुटतो, आठवड्यातून दोनदा तरी बाईंचा फोन येतो. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ९.६. एक डॉक्टर म्हणतात चार इंजेक्शनं सुरू करा. मुंबईचे मामा म्हणतात अंगावर इन्सुलिन सोडणारा पंप लावा आणि मोकळे व्हा. आजीला वाटतं, चार इंजेक्शनं म्हणजे आजार वाढला. वडील काटोलकडच्या संत्र्याच्या बागेवर कर्ज काढायला तयार आहेत. आणि शेवटचा प्रश्न, पंप लावला की सुया बंद होतात का?

ताई, पंपाचं नंतर बोलू. आधी सकाळी २५० आणि साडेअकराला थरथर, हे एकाच मुलाला एकाच दिवशी कसं होतं ते पाहू. मामांचा, आजीचा आणि बागेचा असे तिन्ही प्रश्न त्याच्याशी बांधलेले आहेत.

३०/७० म्हणजे त्या शिशीत ३० टक्के रेग्युलर आणि ७० टक्के एनपीएच. रेग्युलर पाण्यासारखं स्वच्छ असतं. टोचल्यावर अर्ध्या तासाने कामाला लागतं, दोन ते चार तासांत त्याचा जोर असतो, सहा ते आठ तासांत ओसरतं. एनपीएच दुधाळ. ते तास-दोन तासांनी सुरू होतं, चार ते आठ तासांच्या दरम्यान जोरात असतं आणि बारा ते सोळा तासांत संपतं. आता हे तुमच्या घरच्या घड्याळावर मांडा. सकाळच्या २२ युनिटांत साधारण साडेसहा रेग्युलर आणि साडेपंधरा एनपीएच. साडेअकराला रेग्युलर पुरतं उतरलेलं नसतं आणि एनपीएच चढलेलं असतं. त्यात पीटीचा तास आला, मधली सुट्टी लांबली किंवा अर्धा डबा मित्रांनी फस्त केला, की शुगर खाली आलीच म्हणून समजा.

रात्रीचं गणित उलट आहे. साडेआठच्या १४ मध्ये जवळपास दहा युनिट एनपीएच. त्याचा जोर साधारण मध्यरात्रीनंतर ते पहाटे साडेचारपर्यंत, म्हणजे पोट्टं गाढ झोपेत असताना. पहाटेपासून शरीर ग्रोथ हॉर्मोन आणि कॉर्टिसोल सोडतं, ते शुगर वर ढकलतात, आणि वाढीच्या वयात हा धक्का मोठा असतो. नेमकं त्याच वेळी इन्सुलिन उतरणीला लागलेलं. म्हणून सकाळी २५०. हा आकडा पाहून रात्रीचा डोस १४ चा १८ करायचा मोह होतो, आणि कुणी ना कुणी तसा सल्ला देतंच. तीन रात्री पहाटे तीनला उठून शुगर तपासल्याशिवाय तो वाढवू नका. तीनला ७० च्या खाली असेल तर वाढवलेला डोस झोपेतच घात करेल. तीनलाही २०० असेल तर गोष्ट वेगळी.

थोडक्यात, प्रिमिक्स म्हणजे आधीच वाढून ठेवलेलं ताट आहे. इन्सुलिन केव्हा किती काम करणार हे सकाळी सातलाच ठरून जातं, मग पोराने त्याप्रमाणे जेवायचं, त्याप्रमाणे खेळायचं. ठरल्या वेळी जेवणाऱ्या, दुपारी वामकुक्षी घेणाऱ्या सत्तरीतल्या टाइप २ च्या आजोबांना ते छान मानवतं आणि मीही देते. बारा वर्षांच्या मुलाचे कोणतेही दोन दिवस सारखे नसतात. डोस दोन युनिट इकडे, दोन तिकडे करत तुम्ही दोघंही दमाल, पण ९.६ फारसं हलणार नाही.

आता आजींसाठी. टाइप १ मध्ये शरीराने स्वतःच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट केलेल्या असतात. हे गोड खाऊन झालेलं नाही आणि चार इंजेक्शनांनी आजार वाढलाही नाही. निरोगी स्वादुपिंड दिवसरात्र थोडं थोडं इन्सुलिन सोडत राहतं आणि प्रत्येक जेवणाला जास्तीचं ओततं. चार इंजेक्शनं म्हणजे त्याचीच नक्कल, बाकी काही नाही. आजींना हेही सांगा की जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला डायबिटीजसाठी पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवायचे, एवढाच इलाज होता. म्हणून कुणी चूर्ण, काढा किंवा कारल्याच्या रसावर इन्सुलिन सोडवतो म्हणाला तर त्याला दारातूनच नमस्कार करा. टाइप १ मध्ये इन्सुलिन थांबलं की एक-दोन दिवसांत रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळून होणारी आम्लं, साचतात आणि मूल आयसीयूत जातं. हे मी दर वर्षी बघते.

चार इंजेक्शनांची पद्धत, तिला आम्ही बेसल-बोलस म्हणतो. बेसल म्हणजे पाठीमागे सतत चालणारं इन्सुलिन. ग्लार्जीन साधारण दिवसभर पुरतं, काही मुलांत वीस-बावीस तासांतच संपतं. डेग्लुडेक ४० तासांच्याही वर टिकतं, त्यामुळे वेळ थोडी मागेपुढे झाली तरी बिघडत नाही. या दोघांनाही एनपीएचसारखा ठसठशीत चढ नाही, म्हणून रात्रीच्या हायपोचा, म्हणजे शुगर ७० च्या खाली जाण्याचा, धोका कमी. बोलस म्हणजे जेवणापुरतं इन्सुलिन: लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट किंवा ग्लुलिसीन. ही दहा-पंधरा मिनिटांत सुरू होतात, तास-दोन तासांत जोर येतो आणि तीन ते पाच तासांत आटोपतात. ती जेवणाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी घ्यायची. रेग्युलरसाठी अर्धा तास थांबावं लागतं, आणि तो अर्धा तास तुम्ही पाळत नसाल असा माझा अंदाज आहे, कारण शाळेच्या घाईत कुणीच पाळत नाही. जेवणानंतरची शुगर चढण्यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

नवी इन्सुलिनं महाग पडत असतील तर लाज वाटून घेऊ नका आणि उधारीही करू नका. प्रत्येक जेवणाआधी रेग्युलर आणि दोन वेळा एनपीएच, असंही बेसल-बोलस करता येतं. शिशी स्वस्त असते आणि सरकारी दवाखान्यांतून बहुधा मिळते. प्रत्येक जेवणाचा डोस वेगळा ठरवता येतो, फायदा मुख्यतः त्याचा आहे. तो जुन्या इन्सुलिननेही मिळतो, फक्त घड्याळ जास्त पाळावं लागतं.

तुमच्या मुलाचा हिशेब मांडून दाखवते. हा समजण्यापुरता आहे, डोस तुमचे डॉक्टरच लिहून देतील, आणि पद्धत बदलताना ते बहुधा एकूण डोस थोडा कमी करून सुरुवात करतील. सध्या दिवसाचे ३६ युनिट. यातलं साधारण ४० ते ५० टक्के बेसल, म्हणजे समजा १६. उरलेले २० जेवणांना. ५०० ला ३६ ने भागलं तर जवळपास १४ येतात, म्हणजे १ युनिट साधारण १४ ग्रॅम कार्बोहायड्रेट सांभाळेल. १८०० ला ३६ ने भागलं तर ५०, म्हणजे वर गेलेली शुगर १ युनिटने सुमारे ५० ने उतरेल. जेवणाआधी २२० आहे आणि १२० ला आणायची आहे, तर २ युनिट जास्तीचे. पण एक डोस देऊन दोन तासांत शुगर उतरली नाही म्हणून लगेच दुसरा देऊ नका. पहिला अजून अंगात आहे, दोन्ही मिळून एकदम खाली ओढतील. मध्ये तीन-चार तास जाऊ द्या.

खरं शिकायचं आहे ते ताटात. मध्यम पोळीत १५ ते २० ग्रॅम कार्बोहायड्रेट, ज्वारीची भाकरी ५०-६० ग्रॅम पिठाची असेल तर ३५ ते ४०. लोक भाकरी ‘शुगरवाल्यांची’ म्हणून दोन खाऊ घालतात आणि मग २८० कशी झाली विचारतात. एक वाटी शिजलेला भात २५ ते ३०. ५० ग्रॅम कोरड्या पोह्यांचे पोहे ३८-४०, वर चण्याची तर्री घेतली की थोडं आणखी, आणि तेल वेगळं. मध्यम संत्रं सुमारे १५, त्यामुळे बाग तुमची असली तरी एका वेळी एकच, आणि रस नको. महिनाभर स्वयंपाकघरात वजनकाटा ठेवा आणि तुमच्या घरची पोळी, तुमच्या घरची वाटी मोजा. पुस्तकातली वाटी कुणाची असते कोण जाणे. महिन्याने डोळ्यांनाच अंदाज येतो, मग काटा माळ्यावर.

पुडाची वडी, साओजी रस्सा, वडाभात हे वेगळं प्रकरण. तेल आणि मांसाने पोट उशिरा रिकामं होतं, शुगर तासाभरात न चढता तीन-चार तासांनी चढते. जेवणाआधी पूर्ण डोस दिला तर आधी हायपो, मग मध्यरात्री ३००. अशा वेळी डोस दोन हिश्श्यांत द्यायला डॉक्टर शिकवतात. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाला, मात्र मुलाला घरोघर जायचंच आहे आणि खाऊ मिळणारच आहे. त्याला जाऊ द्या. मिळालेला खाऊ पिशवीत आणायचा, घरी येऊन मोजायचा, एका जेवणाच्या डोसमध्ये धरून खायचा. ‘तुला नाही बरं का’ म्हणत वाढवलेली मुलं पंधराव्या वर्षी चोरून खातात आणि डोस घेत नाहीत. ते जास्त धोक्याचं.

चार इंजेक्शनं म्हणतात खरं, पण सकाळची शाळा असेल तर नाश्ता, डबा, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण आणि बेसल अशी पाच होतात. डॉक्टर हे सांगायला विसरतात. डब्यात उकडलेलं अंडं, पनीर, भाजलेले शेंगदाणे आणि एखादी काकडी असं ठेवलं तर डब्याचं इंजेक्शन टाळता येतं. रोज नको, आठवड्यातले दोन-तीन दिवस. इतर दिवशी त्याला स्वतः टोचता आलं पाहिजे, आणि बारा वर्षांच्या मुलाला ते येतं. इन्सुलिनच्या पेनवर लावलेला युनिटांचा आकडा शाळेत एखाद्या मोठ्या माणसाने पाहिला म्हणजे झालं. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये टाइप १ च्या मुलांना वर्गात शुगर तपासणं, इन्सुलिन घेणं आणि मध्ये खाणं याची मुभा द्यावी असं शाळांसाठी कळवलं आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत त्याची प्रत मुख्याध्यापकांना द्या. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ग्लुकोज पावडर ठेवा, तीन चमचे पाण्यात. शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे शुगर उशिरा वर येते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, कुशीवर झोपवून थेट दवाखाना. हे बाईंना तोंडी सांगून चालत नाही, कागदावर मोठ्या अक्षरात द्या.

शिशीवरून पेनवर जाताना एका गोष्टीवर मी आयांना सहसा दोनदा बोलून दाखवायला लावते. आपल्याकडच्या बहुतेक शिश्या ४० च्या असतात, म्हणजे १ मिलीत ४० युनिट, आणि त्यांची सिरिंज लाल टोपीची. पेनमधली रिफिल १०० ची. पेन बिघडलं म्हणून रिफिलमधून लाल टोपीच्या सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढलं, तर मुलाच्या अंगात १० नाही, २५ युनिट जातात. काही शिश्याही १०० च्या येतात आणि त्यांना नारिंगी टोपीची सिरिंज लागते. दुकानदाराच्या भरवशावर राहू नका, लेबल आणि सिरिंज दोन्हींवरचा आकडा स्वतः जुळवून पाहा.

दुसरा घोळ पेनांचा. ग्लार्जीनही स्वच्छ, अ‍ॅस्पार्टही स्वच्छ, दोन्ही पेनं दिसायला भावंडं. रात्री झोपेत १६ युनिट बेसलऐवजी १६ युनिट बोलस गेलं तर ती रात्र दवाखान्यात जाते. बेसलचं पेन वेगळ्या खोलीत ठेवा, त्याला जाड रबरबँड गुंडाळा, म्हणजे अंधारातही बोटांना कळेल. आणि ग्लार्जीन दुसऱ्या कुठल्याही इन्सुलिनमध्ये मिसळायचं नाही.

टोचायच्या जागेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून मी विचारते. आज रात्री मुलाला पाठीवर झोपवा, बोटांना थोडं तेल लावा आणि बेंबीच्या दोन्ही बाजूंना हलकेच फिरवा. कुठे रबरासारखं जाड, फुगीर लागलं तर ती चरबीची गाठ. तिथे टोचलं की दुखत नाही, म्हणून मुलं तिथेच टोचतात. त्या गाठीतून इन्सुलिन कधी अडतं, कधी एकदम सुटतं. तीन वर्षं तीच जागा असेल तर निम्मी अनियमितता तिथूनच आलेली असू शकते. गाठ सापडली तर ती जागा काही महिने पूर्ण सोडा, पण नवीन जागेवर तोच डोस जास्त लागू पडतो, त्यामुळे आधी डॉक्टरांना फोन करा. सुई ४ मिलिमीटरची पुरते. प्रत्येक वेळी नवी सुई लावून २ युनिट हवेत सोडायचे, आणि टोचल्यावर बटण दाबून दहा अंक मोजायचे. दुधाळ इन्सुलिन वापरत असाल तोवर शिशी हातांत हळू लोळवायची, घुसळायची नाही.

आता पंप. मोबाइलपेक्षा लहान यंत्र, आत इन्सुलिनची टाकी, त्यातून बारीक नळी, नळीच्या टोकाला त्वचेखाली जाणारी मऊ कॅन्युला. ही कॅन्युला दर दोन-तीन दिवसांनी नव्या जागी बसवायची, तेवढी सुई उरतेच. पंपात फक्त जलद इन्सुलिन भरतात. तेच थेंबाथेंबाने दिवसभर सोडून पंप बेसलचं काम करतो. १६ युनिटांचं बेसल म्हणजे तासाला साधारण ०.६५. पहाटे तीन ते सात जास्त, दुपारी खेळाच्या वेळी कमी, असं तासागणिक बसवता येतं. तुमच्या मुलाच्या सकाळच्या २५० वर याच्याइतका नेमका उपाय दुसरा नाही, हे मान्य करते. साओजी जेवणाचा डोस तीन तासांत पसरून देता येतो. सेन्सर, म्हणजे त्वचेवर बसवलेला शुगर मोजणारा तुकडा, जोडलेले पंप दर पाच मिनिटांनी शुगर बघून बेसल आपोआप कमीजास्त करतात. मेडट्रॉनिकचा ७८०जी भारतात मिळतो, तो या प्रकारातला. रात्रीची झोप अशा पंपाने खरंच सुधारते, मुलाची आणि तुमचीही.

पण मामांचं ‘मोकळे व्हा’ खरं नाही. अशा सेन्सरवाल्या ऑटो पंपालाही किती ग्रॅम कार्बोहायड्रेट खाल्लं ते सांगावंच लागतं, आणि तेही जेवायच्या आधी. मोजता न येणाऱ्या घरात लाखांचा पंप लागला तरी एचबीएवनसी नऊच्या आसपासच घोटाळतं. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली शुगर मोजतो, रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो, त्यामुळे लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तेव्हा बोट टोचावंच लागतं.

आणि पंपाचा सगळ्यात मोठा धोका विकणारा शेवटी सांगतो, मी आधी सांगते. अंगात लांब पल्ल्याचं इन्सुलिन नाही. नळी दुमडली, कॅन्युला वाकली, घामाने चिकटपट्टी सुटली, की शेवटचा थेंब तीन-चार तासांत संपतो आणि त्यानंतर कीटोन चढू लागतात. पेनवरच्या मुलाने दुपारचा डोस चुकवला तर मागे ग्लार्जीन असतं. पंपवाल्याच्या मागे कुणी नसतं. म्हणून पंपात शुगर २५० च्या वर गेली आणि सुधारणेच्या डोसने तासा-दोन तासांत हलली नाही, तर नियम एकच: पेनने इंजेक्शन, मग नळी-कॅन्युलाचा नवा सेट, मग कीटोन तपासणी. पंपवाल्या मुलाच्या दप्तरात जलद इन्सुलिनचं पेन कायम हवं. उलट्या, पोटदुखी, खोल जोरजोरात श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास, यातलं काहीही दिसलं तर मेडिकल, मेयो, एम्स, नागपुरातलं जे मोठं रुग्णालय जवळ असेल ते गाठा. हे पेनवरही लागू आहे. ताप-उलट्यांत मूल जेवत नाही म्हणून बेसल बंद करू नका. आजारपणात ते उलट जास्तही लागतं.

आपल्या गावात उन्हाळा हा वेगळाच मुद्दा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. फ्रीझरला चिकटून ठेवलं आणि गोठलं तर फेकायचं, वितळवून वापरायचं नाही. वापरातलं पेन साधारण चार आठवडे खोलीत चालतं असं डब्यात लिहिलेलं असतं, पण ती खोली २५ ते ३० अंशांची गृहीत धरलेली आहे. मे महिन्यात मानेवाड्यातली खोली दुपारी कूलर बंद पडला की कुठे जाते ते तुम्हीच बघता. बाहेर ४५ च्या वर. तेव्हा मार्च ते जून वापरातलं पेनही फ्रिजमध्ये ठेवा, आणि टोचायच्या थोडं आधी बाहेर काढा, थंड इन्सुलिन झोंबतं. ठेवताना सुई काढून ठेवा. लाइट तासन्‌तास जाते त्या भागात दोन मातीची मडकी, एकात एक, मध्ये ओली वाळू, आतल्यात झाकणाच्या डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल अशा जागी. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असल्याने हे चांगलं काम करतं. जुलैत दमट हवेत तेवढं थंडावत नाही.

उन्हात उभी गाडी, स्कूटरची डिक्की, स्कूलबसच्या खिडकीजवळचं दप्तर, हे इन्सुलिनचे मारेकरी. गांधीबागेच्या दवाबाजारातून दुपारी आणणार असाल तर थर्मास न्या, बर्फ कापडात गुंडाळा, शिशी बर्फाला थेट लागू देऊ नका. उष्णतेने खराब झालेलं इन्सुलिन बरेचदा दिसायला चांगलंच असतं. स्वच्छ असणारं गढूळ झालं, दुधाळमध्ये चुरा किंवा काचेला पापुद्रे दिसले तर फेकाच, पण काही न दिसता दोन दिवस शुगर विनाकारण चढत असेल तरी नवी रिफिल उघडून बघा. पंपाची टाकी आणि नळी अंगावरच असते, दुपारी ग्राउंडवर ती तापते. त्यामुळे मे महिन्यात सेट तीन दिवसांऐवजी दोन दिवसांनी बदलायला मी सांगते, म्हणजे खर्च वाढला. उन्हात त्वचेतला रक्तप्रवाह वाढून इन्सुलिन लवकर शोषलं जातं, तर दुसरीकडे पाणी कमी पडून शुगर वर जाते. म्हणून मे महिन्यात तपासण्या जास्त. ग्लुकोमीटर आणि स्ट्रिप्सनाही तापमानाची मर्यादा असते, उन्हातून आल्या आल्या आलेल्या आकड्यावर डोस ठरवू नका.

बागेवर कर्ज तूर्त काढू नका. ऑटो पंपाला काही लाख लागतात, पण तो खर्च एकदाचा. सेट, टाकी, सेन्सर हे दर महिन्याला काही हजारांनी लागत राहतात, आणि पंपाची वॉरंटी साधारण चार वर्षांची असते. मुलगा १६ चा होईल तेव्हा बहुधा दुसरा घ्यावा लागेल, त्या वर्षी संत्र्याला भाव असेलच असं नाही. मी पाहिलंय, पंप घेतला, आणि वर्षाने पैशाअभावी सेट पाच-पाच दिवस चालवले. त्यापेक्षा पेन बरं. माझा क्रम असा राहील: आता बेसल-बोलस पेनने, सोबत १४ दिवसांचा एक सेन्सर, मग दोन-तीन महिन्यांनी आणखी एक. ७० ते १८० मध्ये दिवसाचा ७० टक्के वेळ आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, हे लक्ष्य ठेवा. पहिल्याच महिन्यात ते गाठलं जाणार नाही, ७० ते १८० मधला वेळ ३५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेला तरी मी खूश असते. सहा महिने मोजून, लिहून, वेळेवर टोचूनही पहाटेची शुगर ऐकत नसेल किंवा रात्रीचे हायपो थांबत नसतील, तर पंपाचा विचार करा. तेव्हा महिन्याचा खर्च आधी लेखी मागा, आणि शक्य असेल तर काही दिवस वापरून बघायला मिळतो का विचारा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे वही लिहा: सकाळी उठल्यावर, प्रत्येक जेवणाआधी, रात्री झोपताना, आणि तीन रात्री पहाटे तीनला. समोर काय खाल्लं आणि किती युनिट. तोपर्यंत शाळेतल्या हायपोसाठी एवढंच करा की डबा साडेदहाला संपला पाहिजे, बाईंना सांगून ठेवा. सकाळचा डोस कमी करायचा का हे डॉक्टरांना फोनवर आजच विचारा, आठवड्याला दोन हायपो ही दोन आठवडे थांबण्यासारखी गोष्ट नाही. भेटीला मुलालाही न्या, सोबत त्याचं ग्लुकोमीटर, सिरिंज आणि चालू शिशी. टोचून दाखव म्हटलं तर त्यानेच टोचून दाखवायचं, तुम्ही नाही.